कॉन्फिग फाइलवर गाडी अडली? मदत मागण्याआधी प्रश्न असा तयार करा

"सर, एसएसएचची सेटिंग बदलली पण लागू होत नाहीये. काय करू?"

(एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची सोय, आणि कॉन्फिग फाइल म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल.) या प्रश्नाचं उत्तर ज्याला येतं, त्यालाही ते देता येत नाही. कुठली सेटिंग, कुठल्या फाइलमधली, आणि लागू झाली नाही हे कशावरून ठरवलं, यातलं काहीच त्यात नाही. मग उलटे प्रश्न सुरू होतात, माहिती तुकड्यातुकड्याने येते आणि पाच मिनिटांचं काम संध्याकाळपर्यंत रेंगाळतं.

सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते एकाच ठिकाणी. विचारणारा आपण बदललेली फाइल दाखवतो, पण प्रोग्रामने प्रत्यक्षात काय वाचलं ते दाखवत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात आणि बहुतेक गुंते तिथेच असतात. म्हणून खालचा तिसरा टप्पा सगळ्यात मोठा आहे. घाईत असाल तर निदान तो तरी सोडू नका.

उदाहरण म्हणून एकच प्रसंग शेवटपर्यंत धरला आहे: क्लाउडवरचा उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर, त्यावर पासवर्डने लॉगिन बंद करायचं आहे, फक्त की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) चालली पाहिजे. जिथे गरज आहे तिथे एनजिनएक्स (वेब सर्व्हर), सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्राम) आणि एफएसटॅबही (कुठल्या डिस्क कुठे जोडायच्या त्याची फाइल) येतील. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमनमध्येच द्यायची. स्मॉल आणि कॅपिटल अक्षरांत फरक पडतो, तिथे तसं लिहिलं आहे.

## १. फाइलला हात लावण्याआधी

सर्व्हरवरचं चालू सेशन बंद करू नका. एसएसएचची सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी आधीचं सेशन तुटत नाही, त्यामुळे हा दरवाजा उघडा राहतो. नवीन सेटिंग तपासायला दुसरी टर्मिनल खिडकी उघडा. होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमध्ये वेब कन्सोल मिळतो का, हेही आत्ताच बघून ठेवा. बाहेर अडकल्यावर तो शोधत बसणं फार जड जातं.

मग मूळ फाइलची प्रत काढा: सीपी -ए, आणि प्रतीच्या नावात तारीख. ही प्रत असेल तर पुढे डिफ -यू चालवून नेमकं काय बदललं ते दोन ओळींत दाखवता येतं. नसेल तर "मी फक्त एवढंच बदललं होतं" हे आठवणीवर सांगावं लागतं, आणि ती आठवण बऱ्याचदा चुकते.

सावधान: प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवताना विचार करा. डेबियन आणि उबंटूवर एनजिनएक्स साइट्स-एनेबल्ड फोल्डरमधली प्रत्येक फाइल वाचतो, नाव काहीही असो. तिथे ठेवलेली प्रतसुद्धा चालू कॉन्फिग म्हणून लोड होते आणि मग डुप्लिकेट डिफॉल्ट सर्व्हर किंवा कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम अशा तक्रारी सुरू होतात. प्रत होम फोल्डरमध्ये ठेवा.

## २. हवंय काय आणि होतंय काय

आता कागदावर तीन ओळी लिहा. मला काय साधायचं आहे. त्यासाठी मी काय केलं. त्यानंतर काय झालं.

पहिली ओळ लोक हमखास गाळतात. "पासवर्डऑथेंटिकेशनची ओळ कुठे टाकू?" (पासवर्डने लॉगिन चालू-बंद करणारी ही सेटिंग) असं विचारलं तर जागा कळेल. पण हेतू "रात्रभर कुणीतरी पासवर्ड मारून बघतंय, ते थांबवायचं आहे" असा असेल, तर जाणकार माणूस रूटचं (मुख्य ॲडमिन खात्याचं) लॉगिन आणि फायरवॉल यांबद्दलही सांगेल. आपण निवडलेला उपाय कसा करायचा एवढंच विचारलं आणि मूळ अडचण मागे ठेवली, की समोरचा आपल्या उपायाच्या चौकटीतच अडकतो.

तिसऱ्या ओळीत "चालत नाही" हे शब्द येऊ देऊ नका. पासवर्ड विचारला का? टाकल्यावर आत घेतलं का? कुठल्या मशीनवरून तपासलं, आणि त्या मशीनवर की आहे का? की असलेल्या लॅपटॉपवरून तपासलं, तर पासवर्ड बंद झाला की नाही हे कळणारच नाही, कारण कीने आधीच आत घेतलेलं असतं. ज्यावरून तपासता तो क्लायंट (सर्व्हरशी जोडणारा प्रोग्राम) ओपनएसएसएचचा असेल, तर पबकीऑथेंटिकेशन नो हा पर्याय हायफन स्मॉल ओ लावून द्या, म्हणजे की बाजूला राहते आणि खरं चित्र दिसतं.

## ३. प्रोग्रामने काय वाचलं ते शोधा

आपल्या प्रसंगात /ईटीसी/एसएसएच मधल्या एसएसएचडी_कॉन्फिग फाइलमध्ये "पासवर्डऑथेंटिकेशन नो" लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, आणि तरी सर्व्हर पासवर्ड घेतो. इथे बहुतेक जण त्या फाइलचा फोटो काढून पाठवतात. फोटोत ओळ बरोबर असते, आणि बघणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

त्याऐवजी सुडो लावून एसएसएचडी -टी चालवा. (एसएसएचडी म्हणजे एसएसएचचा सर्व्हरवर चालणारा भाग.) यातला टी कॅपिटल. सगळ्या फाइली एकत्र वाचून शेवटी कुठली किंमत ठरते, ते ही कमांड छापते. त्यातून ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने पासवर्डऑथेंटिकेशनची ओळ काढा. (छापील यादीत ती सगळी स्मॉल अक्षरांत असते, म्हणून ग्रेपला -आय द्या.) ओळीत "येस" दिसलं, तर तुमची फाइल बरोबर असूनही दुसरी कुठली तरी ओळ तिच्या आधी वाचली गेली आहे.

ती सापडते अशी. उबंटूमध्ये एसएसएचडी_कॉन्फिगच्या वरच्या भागातच इन्क्लूडची एक ओळ असते. ती एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डरमधल्या .कॉन्फ ने संपणाऱ्या सगळ्या फाइली आधी ओढून आणते. आणि एसएसएचडीचा नियम असा की एखादी सेटिंग अनेकदा आली तर पहिल्यांदा मिळालेली किंमत धरायची. क्लाउड सर्व्हरवर त्या फोल्डरमध्ये ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ नावाची फाइल (क्लाउड-इनिट या, सर्व्हर सुरू होताना त्याची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामची) बऱ्याचदा असते, आणि तिच्यात "पासवर्डऑथेंटिकेशन येस" लिहिलेलं असू शकतं. तुम्ही खाली कितीही वेळा "नो" लिहा, निर्णय वरच होऊन गेलेला असतो.

"पहिलं ते खरं" हा नियम सगळीकडे लागू नाही, आणि हे न कळल्यामुळे फार वेळ जातो. सुडोअर्समध्ये (सुडोच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये) उलट आहे: अनेक ओळी लागू होत असतील तर शेवटची धरली जाते. सिसकंट्रोलच्या (लिनक्स कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलींतही नावाच्या क्रमाने नंतर येणारी फाइल आधीच्या किमतीवर मात करते. काही फाइली तर वाचल्याच जात नाहीत. सुडोअर्स.डी मधल्या फाइलच्या नावात टिंब असेल किंवा नाव ~ ने संपत असेल, तर सुडो ती मुकाट्याने सोडून देतो. "अमुक.कॉन्फ" असं नीटनेटकं नाव देणाऱ्याची सेटिंग म्हणूनच लागू होत नाही, आणि एररही दिसत नाही.

प्रत्येक प्रोग्रामला "तू काय वाचलंस ते सांग" असं विचारण्याची सोय साधारणपणे असते:

- एनजिनएक्स: एनजिनएक्स -टी, टी कॅपिटल. इन्क्लूड केलेल्या सगळ्या फाइलींचा मजकूर, प्रत्येकीच्या नावासह.
- सिस्टमडीची (सगळ्या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामची) कुठलीही सर्व्हिस: सिस्टमसीटीएल कॅट आणि सर्व्हिसचं नाव. मूळ युनिट फाइल आणि तिच्यावर चढवलेले ओव्हरराइड, दोन्ही दिसतात.
- एसएसएच क्लायंट: एसएसएच -जी, जी कॅपिटल, आणि होस्टचं नाव.
- सुडो: सुडो -एल, एल स्मॉल. मला कशाकशाची परवानगी आहे त्याची यादी.

एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये मॅच ब्लॉक (ठरावीक युजर किंवा पत्त्यापुरत्या सेटिंग) असेल, तर कॅपिटल टी सोबत कॅपिटल सी देऊन युजर आणि पत्ता सांगा. नाहीतर त्या युजरला लागू होणारा अपवाद यादीत येणार नाही.

तपासा: एसएसएचडीची कॅपिटल टी ची कमांड आत्ता डिस्कवर असलेल्या फाइली वाचते. चालू सर्व्हिसने कधी वाचल्या, हे तिला माहीत नसतं. म्हणून सिस्टमसीटीएल स्टेटसमध्ये "ॲक्टिव्ह सिन्स" पुढची वेळ बघा. ती फाइल बदलल्याच्या आधीची असेल आणि नंतर रीलोडही (सर्व्हिस बंद न करता सेटिंग पुन्हा वाचायला लावणं) केलेलं नसेल, तर प्रश्न इथेच सुटला. एनजिनएक्सबाबत आणखी एक: कॉन्फिग चुकीचं असताना रीलोड दिलं तर तो जुन्याच कॉन्फिगवर चालत राहतो. साइट दिसते आहे, म्हणजे नवीन सेटिंग घेतली, असं समजू नका.

एसएसएचचा पोर्ट (जोडणी ज्या क्रमांकावर येते तो) बदलणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. उबंटू २२.१० पासून एसएसएचचं ऐकण्याचं काम सिस्टमडीच्या सॉकेटकडे गेलं आहे. २४.०४ मध्ये पोर्टची ओळ बदलल्यावर सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड आणि मग एसएसएच.सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं. हे एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये पोर्टच्या ओळीजवळच टिपेत लिहिलेलं आहे. टिपा वाचायची सवय लावून घ्या.

## ४. व्याकरण तपासून घ्या

हा टप्पा छोटा आहे. एसएसएचडी -टी (आता स्मॉल टी) काहीच न बोलता परतली तर व्याकरण ठीक. एनजिनएक्सलाही स्मॉल टी. सुडोअर्ससाठी व्हीआयसुडो -सी. एफएसटॅबसाठी फाइंडमाउंट --व्हेरिफाय, आणि मगच माउंट -ए. एफएसटॅब न तपासता सर्व्हर रीबूट केला आणि यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) चुकलेला असला, तर सिस्टमडी साधारण दीड मिनिट डिस्कची वाट बघतं आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं. दूरच्या सर्व्हरवर हे फार महागात पडतं.

व्याकरण बरोबर दिसतंय, तरी प्रोग्राम एखाद्या ओळीवर तक्रार करतोय? मग न दिसणारी अक्षरं शोधा. कॅट -ए (कॅपिटल) ने फाइल छापा. ओळीच्या शेवटी नुसतं $ हवं. ^एम$ दिसलं तर फाइल विंडोजवर सेव्ह झाली होती. अवतरण चिन्हाच्या जागी एम-बी ने सुरू होणारी विचित्र मालिका दिसली, तर वर्डमधून किंवा एखाद्या पानावरून वळणदार अवतरणं चिकटून आली आहेत. वायएएमएल प्रकारच्या सेटिंग फाइलमध्ये ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही. तो इथे ^आय असा दिसतो.

## ५. लॉगमधली नेमकी ओळ काढा

एररचं मराठीत भाषांतर करू नका. प्रश्न मराठीत विचारा, पण एरर आहे तशी द्या. "परमिशन नाही म्हणतंय" एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण एसएसएचमध्ये एकसारखे वाटणारे चार निरोप चार वेगळ्या ठिकाणी बोट दाखवतात.

कनेक्शन टाइम्ड आउट: समोरून उत्तरच आलं नाही. फायरवॉल, क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप किंवा चुकीचा पत्ता. एसएसएचडी_कॉन्फिग उघडायची गरज नाही.

कनेक्शन रिफ्यूज्ड: मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, किंवा फायरवॉल सरळ नकार देतोय.

परमिशन डिनाइड आणि पुढे कंसात पब्लिककी: सर्व्हरला फक्त की चालते आणि तुमची की पटली नाही. आपल्या प्रसंगात, की नसलेल्या मशीनवर हाच निरोप यायला हवा.

परमिशन डिनाइड, प्लीज ट्राय अगेन: सर्व्हर अजूनही पासवर्ड घेतोय, फक्त आत्ताचा नाकारला.

पासवर्ड विचारणारी ओळसुद्धा नीट बघा. "युजर ॲट होस्टचा पासवर्ड" अशी एकसलग विचारणा आली, तर ते पासवर्डऑथेंटिकेशन. युजर आणि होस्ट कंसात येऊन पुढे नुसतं "पासवर्ड:" आलं, तर ती विचारणा बऱ्याचदा केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन या वेगळ्या सेटिंगमार्फत आलेली असते, आणि तीही बंद करावी लागते. शंका असेल तर क्लायंटला -व्ही द्या. "नेक्स्ट ऑथेंटिकेशन मेथड" नंतर नेमकी पद्धत लिहून येते.

सर्व्हरच्या बाजूचा लॉग जर्नलसीटीएल -यू एसएसएच ने काढा (रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये सर्व्हिसचं नाव एसएसएचडी). --सिन्स लावून शेवटची दहा-पंधरा मिनिटंच घ्या. आणि शेवटची एरर नव्हे, पहिली एरर शोधा. नंतरच्या बहुतेक ओळी तिचे परिणाम असतात.

सावधान: वेळ लिहिताना गोंधळ होतो. क्लाउडवरचे सर्व्हर सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. तुम्ही "सकाळी दहाला झालं" म्हणाल आणि लॉगमध्ये ती ओळ ०४:३० ला असेल. बघणारा दहाच्या आसपास शोधेल आणि भलतीच ओळ धरेल. टाइमडेटसीटीएलने सर्व्हरचं घड्याळ बघा आणि प्रश्नात कुठली वेळ आहे ते लिहा.

ज्यांच्या मशीनची भाषा इंग्रजीखेरीज दुसरी आहे, त्यांनी कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी लावावं. निरोप मूळ इंग्रजीत येतात आणि शोधायला सोपे जातात.

## ६. झाकायचं ते झाका, बाकी राहू द्या

पासवर्ड, एपीआय की, डेटाबेसच्या जोडणीची ओळ आणि खाजगी की यांतलं काहीही बाहेर जाता कामा नये. कीच्या जोडीतली .पब ने संपणारी फाइलच दाखवण्यासारखी असते. दुसरी कुणालाही द्यायची नाही, सीनियरलासुद्धा. चुकून गेलीच तर मेसेज डिलीट करून भागत नाही. ती बदलायची, त्याच दिवशी.

झाकताना काळी पट्टी मारू नका, बदली नाव द्या. खरा पत्ता लपवायचा असेल तर २०३.०.११३.० ते २०३.०.११३.२५५ हे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यांतला घ्या. डोमेनसाठी एक्झाम्पल.कॉम आहे. महत्त्वाचं म्हणजे एका खऱ्या नावाला सगळीकडे एकच बदली नाव. दोन सर्व्हरना एकच टोपणनाव दिलंत तर उत्तर देणारा दोघांना एकच समजेल. १९२.१६८ ने सुरू होणारे घरातले पत्ते सहसा झाकायची गरज नसते, आणि झाकले तर नेटवर्कचं कोडं सुटत नाही.

## ७. पाठवण्याचा मजकूर

टर्मिनलचा मोबाइलने काढलेला फोटो नको. त्यातून ओळ कॉपी करता येत नाही, शोधता येत नाही, आणि अक्षर १ आहे की एल, हे कळत नाही. मजकूर म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर टेक्स्ट फाइल जोडा, कारण तारांकन आणि अंडरस्कोअर व्हॉट्सॲपला ठळक आणि तिरप्या अक्षरांच्या खुणा वाटतात आणि ते गायब होऊ शकतात. क्रॉनटॅबच्या (ठरावीक वेळी चालवायच्या कामांच्या यादीच्या) ओळीचं मग भलतंच काही होतं.

टिपा आणि रिकाम्या ओळी गाळून द्या, पण एकटी ओळ उचलून देऊ नका. एनजिनएक्समध्ये ओळ कुठल्या सर्व्हर आणि लोकेशन ब्लॉकच्या आत आहे यावर तिचा अर्थ ठरतो. एसएसएचडीमध्ये मॅचच्या खाली गेलेली ओळ फक्त त्या मॅचपुरती उरते, आणि हे फाइलच्या शेवटी ओळ चिकटवणाऱ्यांच्या बाबतीत सतत घडतं. पूर्ण ब्लॉक द्या.

तयार प्रश्न साधारण असा दिसेल:

> उबंटू २४.०४, क्लाउड सर्व्हर, एसएसएच उबंटूच्याच पॅकेजमधून. पासवर्डने लॉगिन पूर्ण बंद करायचं आहे, फक्त की चालावी.
>
> /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये पासवर्डऑथेंटिकेशन नो केलं (डिफ खाली). स्मॉल टी ने एरर नाही. सर्व्हिस ०४:३२ यूटीसीला रीस्टार्ट केली, स्टेटसमध्ये तीच वेळ दिसते.
>
> अपेक्षा: की नसलेल्या मशीनवरून नकार मिळावा. प्रत्यक्षात पासवर्ड विचारतो आणि आत घेतो. ०४:३५ ची लॉगची ओळ खाली.
>
> कॅपिटल टी अजूनही येस दाखवतो. एसएसएचडी_कॉन्फिग.डी मध्ये ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ आहे, तिच्यात येस आहे.
>
> प्रश्न: ती फाइल बदलू, की तिच्या आधी वाचली जाईल अशी स्वतःची फाइल टाकू? क्लाउड-इनिट आपली फाइल पुन्हा लिहील का?

ज्याने हा प्रश्न लिहिला, त्याला कारण आधीच सापडलं आहे. उरला तो निवडीचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दोन ओळींत मिळतं: स्वतःची ०१ ने सुरू होणारी .कॉन्फ फाइल टाका. पहिली किंमत धरली जात असल्याने क्लाउड-इनिटने त्याची फाइल पुन्हा लिहिली तरी तुमचीच चालेल.

ऑफिसमध्ये सीनियरांना विचारताना "सर, दोन मिनिटं आहेत का?" एवढाच मेसेज टाकून थांबू नका. हा सगळा मजकूर त्याच मेसेजमध्ये द्या. त्यांना वेळ मिळेल तेव्हा ते वाचतील आणि थेट उत्तरच येईल.

## ८. उत्तर आल्यावर

आलेली कमांड लगेच चालवू नका. ती फक्त वाचते की काही बदलते, हे आधी कळलं पाहिजे. कळलं नाही तर तेच विचारा; कुणी रागावत नाही. सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणं) किंवा एसईलिनक्स (लिनक्समधली जादा सुरक्षा) बंद करणं असे सल्ले आले तर थांबा. अडचण दिसेनाशी होते, पण कारण तसंच राहतं आणि सर्व्हर उघडा पडतो. रेड हॅट घराण्यात फाइलच्या परवानग्या बरोबर असूनही परमिशन डिनाइड येत असेल, तर एलएस -झेड (कॅपिटल) ने फाइलचं लेबल बघा आणि ते प्रश्नात जोडा.

एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी, त्याच मशीनवरून, त्याच युजरने. उपाय लागू पडला नाही तर तो बदल मागे घ्या आणि मगच पुढचा करून बघा, नाहीतर तीन अर्धवट उपाय एकमेकांवर चढतात आणि मूळ प्रश्न कुणालाच ओळखू येत नाही.

सुटल्यावर "झालं, धन्यवाद" इतकंच न लिहिता कुठल्या फाइलमधली कुठली ओळ बदलली आणि त्यानंतर कॅपिटल टी ने काय दाखवलं ते लिहा. आणि पहिल्या टप्प्यात उघडं ठेवलेलं सेशन, नव्या खिडकीतून कीने लॉगिन झाल्याची खात्री पटल्यावरच बंद करा.